नुसता समुद्र बघायला

आमच्या घरात प्रवासाच्या वाटा ठरलेल्या आहेत. एक जानेवारीला भीमा कोरेगाव, वीस मार्चला महाड, विजयादशमीला नागपूर आणि सहा डिसेंबरला दादर. सगळी वर्षे सगळीकडे जाणे होत नाही. पण घराबाहेर पडायचे तर या वाटांनीच, नाही तर मग कुणाचे लग्न, कुणाचे मयत. त्यामुळे 2019 च्या मे महिन्यात आमच्या मुलांनी “यंदा समुद्रावर जाऊ” म्हटले, तेव्हा आमच्या आईंना त्यात नवे काही वाटले नाही.

“सा डिसेंबरला जातोच की आपुन समुद्राला,” त्या म्हणाल्या.

थोरली म्हणाली, “आजी, तिथं आपण समुद्राकडं पाठ करून रांगेत उभे असतो.”

तिचे म्हणणे खरे होते. चैत्यभूमीची रांग तासन्‌तास सरकते. उन्हाने डोके तापलेले, काखेत पुस्तकांची पिशवी, मनात बाबासाहेब. समुद्र मागे कुठेतरी वाजत असतो. इतक्या वर्षांत त्यात आम्ही कुणी पाय बुडवला नव्हता. त्या दिवशी तो बुडवावा असे वाटतही नाही.

थोरलीने बारावीची परीक्षा दिली होती, धाकट्याने दहावीची. निकाल अजून लागायचे होते. एकदा निकाल लागले, की ही पोरे कुठल्या कुठे जातील आणि आपल्या हाती लागायची नाहीत, हे आम्हाला कळत होते. म्हणून भिशीचे पैसे उचलले आणि जायचे ठरवले.

वाचकांपैकी बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. बारामती म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे ऊस येतो. पण तो नीरेच्या डाव्या कालव्याचा मुलूख. पाटाचे पाणी तसेच खाली इंदापूरकडे जाते. आमची कऱ्हाटी म्हणजे कऱ्हेकाठची जिरायत बाजू. कऱ्हेचे नाव आचार्य अत्र्यांच्या आत्मचरित्रामुळे महाराष्ट्रभर झाले. पण उन्हाळ्यात ते पाणी पुस्तकातच पाहावे लागते. त्या वर्षी तर आमच्या भागात टँकर चालू होते. अशा दिवसांत घरदार बंद करून पाणी बघायला जायचे, याची आम्हाला खरेच लाज वाटत होती. शेजारणीला दोन बॅरल दाखवून सांगितले, “टँकर आला की आमचीही भरून घ्या, आणि लागेल तेवढं वापरा.”

आमचे चुलते विहार समितीत आहेत. ते भेटले आणि म्हणाले, “दर्यात पैसं बुडवायला निघालाय व्हय? विहाराच्या पत्र्याचं काम पडलंय. त्या पैशाची पावती फाडा.”

पावती आम्ही फाडली, थोडी लहान फाडली. पण चुलत्यांना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवले नाही. आम्हा दोघांतला एक जण कारखान्यात आहे आणि ही सहल त्याच्या पगारी रजेवर होत होती. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना पगारी सुट्टीचे विधेयक बाबासाहेबांनीच मांडले आणि 1945 च्या दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतल्या कामगाराला ती सुट्टी मिळाली. सुट्टीच्या दिवशी कामगाराने नेमके काय करावे, हे काही त्या कायद्यात लिहिलेले नाही. चुलते हसले. म्हणाले, “जावा मग. पन सुकट आना येताना.”

मुलांशी मात्र लेखी म्हणावा असा करार झाला. जाताना फक्त महाड. मग दोन दिवस नुसता समुद्र. त्या दोन दिवसांत भाषण नाही, “आमच्या वेळी” हा शब्द नाही. येताना आंबडवे. धाकट्याने हा करार मोबाइलवर लिहून आमच्याकडून ‘मान्य’ म्हणवून घेतला.

राहण्याची जागा शोधण्याचे काम थोरलीकडे होते. दापोली तालुक्यातल्या एका नारळ-पोफळीच्या वाडीतल्या घरगुती निवासाचा नंबर तिला मिळाला. फोनचा आवाज मोठा करून ती बोलत होती, आम्ही ऐकत होतो. खोल्या आहेत, दर ठरला, माणसे किती ते झाले. मग आडनाव विचारले. तिने सांगितले. पलीकडून प्रश्न आला, “म्हणजे कोणापैकी?”

आम्ही दोघांनी एकदमच मान हलवली. सांगू नको, असा त्याचा अर्थ होता. तिने आमच्याकडे पाहिले आणि फोनमध्ये म्हणाली, “बौद्ध.”

पलीकडचा गृहस्थ जरा थांबला. “नाही, जेवण घरगुती असतं आमच्याकडे, म्हणून विचारलं. खोल्यांचं बघून उद्या कळवतो.”

उद्या फोन आला नाही. तिने केला तर उचलला नाही. कदाचित खोल्या खरेच भरल्या असतील. हे ‘कदाचित’ आमच्या पिढीने फार वर्षे वापरले आहे. भाड्याची खोली शोधताना वापरले, नोकरीत वापरले. त्याने रात्री झोप लागते. पण पोरीपुढे आपण मान हलवली, ही गोष्ट त्या रात्री झोपू देईना. ती काही बोलली नाही. तेही बरे वाटले नाही.

पुढचा नंबर मुरुडच्या एका बाईंचा निघाला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. “मासे खाता ना? आणि कितीची भूक आहे पोरांची?”

गुरुवारी 16 मे रोजी पहाटे निघालो. गावातल्याच एका मुलाची गाडी. डिझेल आमचे, गाडी त्याची, आणि समुद्र त्यालाही बघायचा होता. आईंनी बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि पाण्याचे दोन मोठे जार घेतले. धाकटा म्हणाला, “आजी, कोकणात पाणी मिळतं.” त्या म्हणाल्या, “मिळू दे. आपलं असावं.” मुलांनी बारामतीतून नव्या टोप्या आणि काळे चश्मे आणले होते. पहाटेच्या अंधारातही ते डोळ्यांवर होते.

मोरगाव, नीरा, लोणंद, शिरवळ करीत भोरला चहा घेतला. भोरच्या पुढे वरंध घाटाची वाट नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकडेने जाते. मे महिना असल्याने पाणी बरेच खाली गेलेले, लाल माती उघडी पडलेली. तरी आईंनी गाडी थांबवायला लावली.

“ह्येच पानी कॅनॉलला येतं का?”

“हे आणि भाटघरचं. सगळं नीरेतनं.”

“म्हंजी आपल्या शेजारनं जातं,” त्या म्हणाल्या आणि परत गाडीत बसल्या.

घाटात वळणावर वळणे सुरू झाली तेव्हा थोरलीने पिशवीतून एक पातळ पुस्तिका काढली. बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ची. करारात भाषणावर बंदी होती; वाचनावर नव्हती, आणि वाचणारी तीच. 1901 सालची गोष्ट. रामजीबाबा तेव्हा गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला काढला होता. मुले साताऱ्याला. उन्हाळ्याच्या सुट्टीत या, असे वडिलांनी कळवले. मुलांसाठी नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे केली गेली. आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास. मसूर स्टेशनावर उतरली, तर न्यायला कुणी नाही; निरोपाचे पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. स्टेशनमास्तरने कपडे पाहून आधी नीट विचारपूस केली. जात कळताच त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकायला तयार नव्हते. मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, या बोलीवर एक जण तयार झाला. आणि ती सगळी रात्र डबाभर जेवण जवळ असून मुले उपाशी राहिली, कारण प्यायला पाणी कुणी दिले नाही.

ही गोष्ट आम्ही जयंतीच्या भाषणांत किती वेळा ऐकली आणि सांगितलीही. थोरली पुस्तिका मिटून म्हणाली, “म्हणजे ते पण सुट्टीलाच चालले होते.”

हे आमच्या कधी लक्षात आले नव्हते. आम्ही त्या गोष्टीत नेहमी पाणी पाहिले. सुट्टी पाहिली नव्हती. नव्या टोप्या घालून निघालेली लहान पोरे पाहिली नव्हती. मागच्या बाकावर धाकट्याने चश्मा काढून खिशात ठेवला. आईंनी जारमधले पाणी सगळ्यांना दिले, गाडी चालवणाऱ्या मुलालाही. कुणाला तहान नव्हती. तरी सगळे प्यायलो.

महाडला दुपार झाली. एरवी आम्ही येतो ते गर्दीत. त्या दिवशी चवदार तळ्यावर मोजून सात-आठ माणसे होती. 1923 साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेनेही तळे कागदावर खुले केले, आणि तरी 20 मार्च 1927 ला पाण्याला हात लावल्यावर लोकांची डोकी फुटली. कोर्टात शेवटचा निकाल लागायला 1937 उजाडले. हे सारे मुलांना ठाऊक होते. आम्ही गप्प राहिलो. आईंनी पायऱ्या उतरून ओंजळीतले पाणी डोळ्यांना लावले, आणि आम्ही पुढे निघालो.

मंडणगड, दापोली करीत मुरुडला पोहोचेपर्यंत सायंकाळ झाली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे गाव. 1893 साली त्यांनी विधवेशी लग्न केले, तेव्हा याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता, आपल्याच माणसावर. आता गाव त्यांचे नाव अभिमानाने सांगते. एवढे आम्ही बोललो आणि धाकट्याने मोबाइल वर करून करार दाखवला.

वाडीतून वाळूवर आलो, तर ओहोटी लागलेली. पाणी पार आत गेले होते. ओली, सपाट वाळू दूरवर पसरलेली. आई बराच वेळ बघत राहिल्या.

“ह्येबी आटलं का काय?”

मुले हसून हसून वाळूत लोळली. 1972 च्या दुष्काळात याच बाईंनी खडी फोडली आहे. दुष्काळी कामावर दिवसभर दगड, आणि संध्याकाळी घागर घेऊन झऱ्यावर नंबर. आटलेल्या नद्या, आटलेल्या विहिरी त्यांनी पाहिल्या आहेत, मग समुद्र का आटू नये? भरती-ओहोटी समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “जातं आन् परत येतं? मंग बरंय.” पाण्यापर्यंत चालत गेल्या, बोट बुडवून जिभेला लावले आणि थुंकल्या. “एवढं पानी आन् पेयाला थेंब न्हाई. ह्याच्यापरीस आपली कऱ्हा बरी, न्हाई तर न्हाई म्हनती.”

दुसरा दिवस मुलांचा. सकाळपासून ती पाण्यात. आम्ही काठावर बसून चपला राखायच्या, असे मनात धरले होते. पण दहा वाजता थोरली आली आणि आम्हा दोघांपैकी तिच्या आईचा हात धरून ओढत घेऊन गेली. पंजाबी ड्रेससकट. पहिल्या लाटेला ओरडणे, दुसरीला बसकण, तिसरीला हसू. पंचेचाळिशीच्या बाईला सगळ्यांसमोर अशी हसताना घरातल्या कुणी पाहिले नव्हते. घरातल्या दुसऱ्याला पोहता येत नाही. तो गुडघ्यापर्यंत जाऊन आला आणि त्यातच खूश होता.

दुपारी एक प्रसंग झाला. धाकटा कालव्यात पोहायला शिकलेला. कालव्याचा ओढ एका बाजूने असतो, तो त्याला कळतो. ओहोटी लागल्यावर तो छातीभर पाण्यात गेला आणि लाट परतताना त्याच्या पायाखालची वाळूच निघाली. दोनदा गडप झाला. शहाळी विकणारे एक काका कोयता टाकून धावले, त्याच्या दंडाला धरून बाहेर काढले आणि मग अशी शिव्यांची लाखोली वाहिली, की आम्हाला बोलायला काही उरले नाही. “भरतीचं पाणी बाहेर फेकतं, ओहोटीचं आत नेतं. उद्या पुनव आहे, उधाण आहे. घरच्यांनी सांगितलं नाही?” आम्हाला कुठे माहीत होते? त्यांनी शहाळ्याचे पैसे घेतले, उपकाराचे नाही. त्या संध्याकाळी धाकटा आजीच्या कडेने बसून होता आणि आई त्याच्या केसांतली वाळू काढत होत्या.

जेवणाविषयी फार लिहीत नाही. सुरमई, बांगडा, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. बाईंनी स्वयंपाकघराशेजारच्या ओटीवर पाने मांडली आणि आईंची बाजरीची भाकरी मागून घेऊन खाल्ली. हर्णैला मात्र आईंना न्यायलाच हवे होते. सुवर्णदुर्गासमोर सायंकाळी होड्या येतात आणि वाळूवर माशांचा लिलाव होतो. त्यांना ताज्या माशाचे कौतुक नव्हते. वाळत घातलेली सुकट आणि बोंबील दिसले आणि त्या थबकल्या. आठवडे बाजारातून पावशेर-अर्धा किलो आणून ज्याच्यावर आमच्यासारख्यांची घरे पावसाळा काढतात, ते इथे किनाऱ्यावर उन्हात पसरलेले. विक्रेत्या बाईंशी भाव करता करता दोघींचे असे जमले, की आम्हाला दोनदा हाका माराव्या लागल्या. चुलत्यांची सुकट तिथेच घेतली.

शनिवारी वैशाख पौर्णिमा. भर दुपारी उधाणाची भरती, ऊन तापलेले, आणि आदल्या दिवसाची भीती. पोरे स्वतःहूनच म्हणाली, कुठे तरी जाऊ. मग पन्हाळेकाजीची लेणी पाहिली. कोटजाई नदीच्या काठाला कोरलेली एकूण 29 लेणी. आधी हीनयान भिक्खूंची, पुढे वज्रयानाची, त्याहून पुढे नाथपंथीयांची. बंदरातून घाटावर जाणाऱ्या व्यापारी वाटांवर अशी लेणी कोकणभर आहेत. महाडजवळची गांधारपाले त्यांपैकीच. दापोली म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे पेन्शनर महार शिपायांची वस्ती येते. रामजीबाबा निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले, आणि गोपाळबाबा वलंगकरांनी ‘विटाळ विध्वंसन’ 1888 सालीच लिहिले. त्याच्याही दीड हजार वर्षे आधी आपली माणसे या नदीकाठी होती, हे लेण्यातल्या गारव्यात बसून बरे वाटत होते. एवढेही आम्ही मनातच म्हटले.

संध्याकाळच्या वंदनेचे मुलांनीच काढले. आईंनी पिशवीत बुद्धांची लहान मूर्ती आणली होती. खोलीत करू म्हणत होत्या. थोरली म्हणाली, वाळूवर करू. सूर्य समुद्रात उतरत होता आणि पाठीमागे नारळांच्या वर चंद्र येत होता, दोन्ही एकाच वेळी. पाणी पुन्हा दूर गेलेले. वाऱ्यात मेणबत्ती टिकेना. धाकट्याने वाळूत हातभर खड्डा केला, त्यात करवंटी ठेवली आणि करवंटीत मेणबत्ती. टिकली. त्रिसरण-पंचशील आम्ही हळू आवाजात सुरू केले. आजूबाजूला पर्यटक होते आणि जुनी सवय. आईंना हळू म्हणता येत नाही. त्यांचा आवाज वर गेला तसा मुलांचा गेला, मग आमचाही. थोड्या अंतरावर एक तरुण जोडपे लहान बाळाला घेऊन बसले होते. ते उठून आले, चपला काढून आमच्या मागे उभे राहिले. संपल्यावर ‘जय भीम’ झाला. कुठले, काय, याची चौकशी झाली ती नंतर, आणि तीही बाळाच्या दातांवरून सुरू झाली.

रविवारी निघताना बाईंनी नोंदवही पुढे केली. नाव, गाव, माणसे, एवढेच रकाने होते. थोरलीने सगळ्यांची पूर्ण नावे आडनावासकट लिहिली, अक्षर मोठे काढून. जागा पुरली नाही म्हणून पुढची ओळही घेतली.

आंबडव्याला आम्ही दुपारी पोहोचलो. डोंगरातले साधे गाव, आता स्मारकामुळे वर्दळ असते. कोकणात गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव करायची चाल. सकपाळांच्या मुलाला शाळेत आंबडवेकर लावले गेले ते या गावावरून. स्मारकाबाहेर जांभळीच्या सावलीत बसलो असताना आम्ही ते बोलून टाकले. आपल्यातल्या पुष्कळ जणांनी शहरात गेल्यावर असेच आडनाव बदलले, ‘कर’ लावले. तुम्हा पोरांच्या दाखल्याच्या वेळी आमच्याही मनात आले होते. परवाच्या फोनच्या वेळी आमची मान हलली, तीही त्याच कारणाने.

थोरली जांभळाची बी थुंकून म्हणाली, “मग का नाही बदललं?”

“आजीनं बदलू दिलं नाही.”

आई म्हणाल्या, “शाळंचा मास्तर लै मागं लागला हुता. म्या म्हनलं, आडनाव बदललं तर पोस्टमन कसा येनार?”

एवढ्यावरच त्या जुन्या वादाचा निकाल लागला होता, हे आम्ही विसरूनही गेलो होतो. थोरलीने फोन काढला. तो पहिला नंबर तिने अजून ठेवला होता. लावते की काय, म्हणून आम्ही बघत राहिलो. तिने नावापुढे काहीतरी लिहिले आणि फोन पिशवीत टाकला. काय लिहिले ते विचारले नाही.

रात्री उशिरा घरी आलो. गाडीत, चपलांत, आईंच्या पदराच्या गाठीत वाळू. त्यांनी समुद्राच्या पाण्याची एक बाटली भरून आणली होती. सकाळी शेजारीण बॅरलचा हिशेब द्यायला आली. टँकर एकदाच आला होता, आमचे एक बॅरल भरले होते, दुसरे रिकामे. आईंनी तिच्या तळहातावर बाटलीतले चार थेंब टाकले. तिने चाखून तोंड वेडेवाकडे केले. मग बाटली आळीत घरोघर फिरली. टँकर दुसऱ्या दिवशी आला.